उचललेला हात

पांढऱ्या रंगावर माझा विश्वास नाही. दिवाळी सरते, कापसाच्या पराटीची बोंडं तडकतात आणि बघता बघता काळं रान पांढरं होऊन जातं. लोकांना उल्हास येतो. लेकीसुना ओटी बांधून वेचायला निघतात, बांधावरून गाणी ऐकू येतात. मी ओसरीत बसून अमरावतीकडे जाणाऱ्या गाड्या बघते. गाडीवर बसलेला माणूस थोड्या थोड्या वेळाने मागे वळून आपली गाठोडी चाचपतो. रस्त्यात कुणी भेटलं तर रामराम घालतो, आणि रामराम घालता घालता पुन्हा मागे बघतो. इतकी वर्षं झाली, ती मान वळायची काही थांबली नाही.

अक्षरं मी या वयात शिकले, नातीच्या पाटीवर. तिला वाटलं आजी आता देवाचं नाव लिहील. मी ‘कापूस’ लिहिलं. ती हसली. तिला काय ठाऊक!

आता सरकी काढायच्या जिनाचा, कारखान्याचा, भोंगा वाजतो, वखारीभोवती पक्क्या भिंती आहेत, आगगाडी वाट बघत उभी असते. मी सांगते त्या वर्षी यातलं काहीच आमच्या गावाकडे आलेलं नव्हतं. पेढी नदीच्या काठी आमचं गाव, घरोघरी लाकडी रेचे. बाया अंगणात बसून रेच्यात कापूस घालायच्या. इकडून रुई निघायची, तिकडून सरकी टपटप खाली पडायची. दिवसभर तो कुरकुर आवाज. नाकात, पापण्यांवर, भाकरीच्या पिठातसुद्धा तंतू. समुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली होती. तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून आमच्या कापसाला कधी न ऐकलेला भाव आला, असं बाजारातून आलेली माणसं सांगत. ज्यांच्या घरी खापराच्या वाडग्यात अंबील प्यायचे, त्यांच्या बायकांच्या गळ्यात सऱ्या आल्या. एकाने तर बैलांच्या शिंगांना चांदीची वेढणी घातली.

आणि गावात कुलपं आली. त्याआधी आमच्याकडे दाराला कडी घालून वर काडी खोचली की घर बंद झालं असं समजत. त्या हंगामात लोहाराला नांगराच्या फाळापेक्षा कुलपांचंच काम जास्त. लोक घरात कापसाचे ढीग घालून त्यावरच निजत. भाऊ भावाच्या ढिगाकडे बघून मनात मापं काढी. बाजारात दलाल आणि शेतकरी रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवत. वरून दोघांचे चेहरे दगडाचे, खाली बोटांची झटापट. घरी आल्यावर शेतकरी म्हणे दलालाने फसवलं. तिकडे दलाल म्हणत असेल की कापसात पाणी मारलंय. दोघांचंही बरेचदा खरं असे.

मारुतीच्या पारावर एका म्हाताऱ्याने मोठ्याने नवस बोलला होता, की ती लढाई अजून थोडी चालू दे, नारळ फोडीन. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. आमच्या घरी मात्र जेवताना हे म्हणाले, “तिकडे माणसं मरून राहिली, अन् त्याच्यावर आपली चूल पेटून राहिली, गिरजे.”

मी म्हटलं, “आपण थोडेच मारून राहिलो!”

“ते बी खरंच,” असं म्हणून त्यांनी घास घेतला. पण पुढचा घास बराच वेळ हातातच होता.

यांचं नाव मी घेत नाही. गाव त्यांना किसना म्हणायचं. आदल्या उन्हाळ्यात एका आजारी मावसभावाला गाडीत घालून हे रिद्धपूरला गेले होते. काळी वस्त्रं नेसणाऱ्या साधूंच्या मठात तो भाऊ काही वाचला नाही. हे मात्र उपदेश घेऊन आले. भेटेल त्याला ‘दंडवत’ म्हणू लागले. पाणी गाळून पिऊ लागले. आल्या दिवशीच बैलाला टोचायच्या पराणीची लोखंडी आर त्यांनी उपटून काढली आणि नुसती काठी गाडीत ठेवली. दसऱ्याला गावाने देवीला बोकड दिला, तेव्हा हे घराबाहेर पडले नाहीत. गावाच्या ते चांगलं लक्षात राहिलं.

विहिरीवर बाया मला विचारत, “तुहा नवरा काऊन भेते वो एवढा?”

“भेत नाईत. उपदेश घेतला त्यायनं.”

“माणसानं हातच नाई उचलला त चोर घरात शिरते, बाई. आन् घरात चोर शिरला त पह्यले कोणाले धरते? बाईले.”

मी घागर उचलून निघून यायची. मनातून मला त्या बायांचंच पटत असे. आणि माझा संशय त्यांच्याहून खोल होता, कारण त्यांना ठाऊक नव्हतं ते मला ठाऊक होतं. लग्नानंतर दोन-तीन वर्षं यांचा हात माझ्यावर उठत असे. आमटीत मीठ कमी, वैरण उशिरा, कधी काहीच नाही. आधी मूठ वळायची, मग कोपर मागे जायचं, मग हात खांद्याच्या वर. तो हात उठताना कसा दिसतो हे मला डोळे मिटूनही दिसे. रिद्धपूरहून आल्यापासून तो उठला नव्हता. पण पाठ तशी लवकर भरवसा ठेवत नाही. हे शांत बसले की मी जास्त जपून वागायची. बांध घातलेली नदी कधी फुटेल याचा नेम नसतो. आरडाओरडा करणाऱ्या माणसाचा अंदाज तरी येतो. गप्प राहणाऱ्याचा काय घ्यावा?

मला आणखीही एक वाटायचं. चांगुलपणाचासुद्धा माज असतो. आपण मारत नाही, असं दाखवून माणूस चारचौघांना खाली बघायला लावतो, तेही मारणंच की. असले विचार मी त्या काळी रेचा फिरवता फिरवता करत असे, आणि सरकी टपटप पडत असे.

माझे भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ गणपत, त्यांचा संशय साधा होता. ते म्हणत, आर काढल्यापासून बैल हळू चालतात, आपली गाडी बाजारात उशिरा पोचते, तोवर भाव उतरलेला असतो. कुटुंब एकत्र होतं, नुकसान दोघांचं. “तुह्या पुण्याचा पैसा माह्या खिशातून काऊन जाते?” असं त्यांनी एकदा भर अंगणात विचारलं. यांनी उत्तर दिलं नाही. भासऱ्यांना उत्तरापेक्षा त्या गप्प राहण्याचाच राग जास्त आला, हे मी पदराआडून पाहिलं. मला त्यांचा राग समजत होता.

पाटलांचा एक मोठा कोठा होता, दगडी, मोठ्या कुलपाचा. चोरीच्या भीतीने गावातल्या बऱ्याच जणांनी आपली रुई तिथे नेऊन ठेवली. आमचीही तिथेच. घरटी एक माणूस पाळीने राखणीला जाई, काठी घेऊन. यांची पाळी आली की हे रिकाम्या हातांनी जाऊन दारात बसत. पोरंसोरं हसली, मग मोठी माणसं हसली, आणि मग हसणं बंद झालं. गावात बोलणं सुरू झालं, की ज्याच्या हाती काठी नाही तो चोराचा सोयरा.

त्याच दिवसांत नदीकाठच्या बाभळीत एक बंजारा उतरला होता. धनसिंग त्याचं नाव, बायको रुपली, आणि पाठीवर माल वाहणारे बरेचसे बैल. पूर्वी मीठ, धान्य, कापूस सगळं त्यांच्याच बैलांवरून जाई. आता गाड्या झाल्या होत्या, आणि अकोल्याकडून लोखंडी सडक येते आहे असं ऐकू येत होतं. त्यांच्या बैलांना काम उरलं नव्हतं. गोण्या एकावर एक रचून त्यांनी भिंत केली होती आणि तिच्या आडोशाला चूल मांडली होती. यांची त्यांच्याशी ओळख झाली. नदीवर बैल धुताना दोघं बोलत बसत. गावाने तेही लक्षात ठेवलं.

एका दुपारी मी अंगणात रेच्यावर बसले होते. आधी वास आला. चुलीजवळ पडलेली चिंधी हळूहळू जळत असावी तसा. मी स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं, तिथे काही नव्हतं. बाहेर आले तर लोक पाटलांच्या कोठ्याकडे पळत होते.

ज्वाळा दिसत नव्हत्या. धूर ढिगाच्या पोटातून येत होता, पिवळट, जड. पुरुषांनी आत घुसून रुई उपसायला सुरुवात केली, आणि वारा लागल्याबरोबर आतून एकदम भडका उठला. ज्याने पहिला भारा ओढला त्याच्या मिशा जळाल्या. मग नदीपासून कोठ्यापर्यंत घागरींची रांग लागली. बऱ्याच वेळाने आग विझली, तेव्हा कोठ्यात काळा चिखल होता आणि दारात गाव उभं होतं. सगळ्यांच्या अंगाला काजळी.

राखणीची पाळी त्या दुपारी यांची होती.

पाटील पुढे झाले. विठोजी त्यांचं नाव. बोलायला मऊ माणूस. “किसना, कोण आल्तं इथं?”

“कोणी नाई.”

“मंग आग का आभायातून पडली?”

“ते मले ठाव नाई, पाटील. मी दारातच होतो. कोणी आलं नाई, कोणी गेलं नाई.”

मागून कुणीतरी म्हणालं, “बंजाऱ्याले इचारा. त्याचा धंदा बुडून राहिला ना कापसाच्या गाड्यायनं. आन् हा तिथंच बसते रोज.” ज्याची त्याची रुई जळली होती, आणि हातांना काहीतरी हवं होतं. काठ्या होत्याच. माणसं नदीकडे वळली.

हे त्यांच्या आधी पोचले. आडवाटेने, शेतातून पळत. मी बायांबरोबर मागून धावत गेले. पराटीच्या काड्या पायांना ओरबाडत होत्या. मला त्या वेळी यांची काळजी वाटत होती की राग येत होता, आज नक्की सांगता येत नाही.

गोण्यांच्या भिंतीत एक माणूस जाईल एवढी वाट होती. त्या वाटेत हे उभे होते. त्यांच्या मागे धनसिंग, त्याच्या हातात भाला. रुपली बैलांच्या दाव्यांपाशी. कुणीतरी दगड मारला, तो एका बैलाच्या तोंडावर बसला, बैल हंबरून उठला आणि रुपलीने शिव्यांचा भडिमार केला.

सगळ्यांत पुढे भासरे होते. “सरक, किसना.”

“दारावर मी होतो, दादा. इचारायचं त मले इचारा.”

“सरक म्हणतो ना.”

“नाई सरकत.”

“घराले आग लावली तू आपल्या. घराले! आन् ह्या भटक्यासाठी उभा हायेस?”

“त्यानं लावली नाई.”

“तुले काय मालूम?”

“मले मालूम नाई,” हे म्हणाले. “तुमाले बी मालूम नाई.”

भासऱ्यांनी काठी उचलली. आणि त्याच वेळी यांचाही हात उठला.

तो हात मी ओळखला. मूठ वळली, कोपर मागे गेलं, हात खांद्याच्या वर आला. माझी पाठ आपोआप आखडली. मी लांब उभी होते, बायांच्या घोळक्यात, तरीही. माझ्या मनात एवढंच आलं, आला बाहेर, खरा माणूस आला.

मग त्या उचललेल्या हाताची बोटं उघडली. एकेक करून नाही, एकदम. वेचताना बोंडातून कापूस ओढून घेतल्यावर उरलेल्या टरफलासारखा पंजा रिकामा झाला. तो रिकामा हात तसाच वर राहिला, आणि त्यावर काठी बसली. वाळकी पराटी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज झाला.

हे खाली बसले. ओरडले नाहीत, पण तोंड पांढरं झालं. धनसिंग पुढे झेपावला, तेव्हा यांनी दुसरा, धड असलेला हात पसरून त्याला पायाशी अडवलं. भावाने भावाचा हात मोडला होता, आणि ते सगळ्या गावाने पाहिलं होतं. कुणी बैलाच्या तोंडाकडे बघू लागलं, कुणी काठी बगलेत मारली. भासरे एकेकाला विचारत सुटले, “त्यानं हात उचलला होता, पाह्यलं ना तुमी? आधी त्यानं उचलला!” लोक ‘हो हो’ म्हणत मागे सरले, पण त्यांच्याकडे न बघता.

त्यांनी मलाही विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? हात उचललेला त्यांनी पाहिला, हे खरंच होतं. मूठ उघडलेली बघायला तिचा मार आधी खाल्लेला असावा लागतो.

हात रुपलीने बांधला. बैलांची हाडं बसवणारी बाई, तिने यांचा दंड दाबून पाहिला, एक झटका दिला, आणि बांबूच्या कामट्या मागितल्या. आत घालायला मऊ काहीतरी हवं होतं. मी पदराच्या टोकात अडकलेली रुई काढून दिली. बांधता बांधता, नवऱ्याला काय हवं ते देऊन उपकार फेडायला, तिने मला विचारलं, “तेरे आदमी को क्या होना?”

“काई नोको.”

“झूट मत बोल. बैल होना?”

“बैल बी नोको.”

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी दलालाकडे पाहत असे. दुसऱ्या दिवशी सूर्य वर यायच्या आत ते निघून गेले. पुढे कधी दिसले नाहीत. यांच्याबद्दल ती वाटेत काय म्हणाली असेल, हा विचार माझ्या मनात कधी कधी येतो. चांगलं म्हणाली असेल याची मला खात्री नाही.

आगीची वर्दी अमरावतीला गेली आणि कचेरीतून एक जमादार आला. चावडीत बसून त्याने सगळ्यांना विचारलं. बंजारा पळाला, म्हणजे तोच, असं गाव म्हणालं. राखणदार त्याचा साथीदार, असंही म्हणालं. जमादाराने यांना समोर उभं केलं. “हात कोणी मोडला?”

“माहा हात हाये, साहेब. ज्यानं मोडला त्याच्याशी मी बोलीन.”

“नाव सांग. त्याले धरतो, तुले सोडतो.”

यांनी नाव सांगितलं नाही. भासरे खांबाला टेकून उभे होते. त्यांच्या कपाळावर घाम होता. जमादार चिडला. नाव लपवतोय म्हणजे आगीतही याचा हात आहे, याला गाडीत घाला, असं तो म्हणाला. मी चावडीच्या पायऱ्यांखाली रडत उभी होते, आणि रडताना यांच्यावर दात खात होते. सख्ख्या भावाचं नाव झाकायचं आणि बायकोला वाऱ्यावर सोडायचं, ही कसली दया?

तेव्हा पाटलीणबाई आल्या. डोईवरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. चावडीत बाई कधी चढत नसे, त्याही चढल्या नाहीत. खालच्या पायरीवर उभ्या राहून आतल्या पुरुषांना ऐकू जाईल असं बोलल्या.

“आग कोणी लावली नाई. रुई ओली होती. वजन वाढाव म्हून पाणी मारलं होतं. पोटातून तापली अन् पेटली. घागरी मी भरून देल्या.”

“पाणी कोणी मारलं?” जमादाराने विचारलं.

त्यांनी आतल्या पाटलांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, “ह्या माणसानं भावाचं नाव नाई घेतलं. मले माह्या मालकाचं घ्याव लागून राहिलं. विठोजी.”

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेते ती लग्नात, उखाण्यात, लाजत. त्या दिवशी चावडीच्या पायरीवर घेतलेलं ते नाव मी जन्मात विसरणार नाही. पाटील जमिनीकडे बघत होते. वजन वाढवायला पाणी त्यांनी एकट्यानेच मारलं होतं असंही नव्हतं, हे तिथल्या बऱ्याच जणांना ठाऊक होतं. म्हणूनही कुणी तोंड उघडलं नाही.

जमादाराने यांना सोडलं. पाटलांबरोबर तो आत जाऊन बसला आणि हसत बाहेर आला. त्यावर मी काही बोलत नाही. पाटील पुढे कित्येक महिने घरात बोलत नव्हते, असं पाटलीणबाईंनी मला सांगितलं. “मारलं नाई पण,” त्या म्हणाल्या. “मी वाट पाह्यली. मारलं नाई.” त्यांच्या आवाजात नवल होतं. ते नवल माझ्या ओळखीचं होतं.

हात सुजून गळ्यात अडकवलेला होता त्या दिवसांत मी यांना एकदा सरळ विचारलं. हे ओट्यावर बसले होते, मी भाकरी कुस्करून देत होते.

“त्या दिवशी तुमी मूठ वळली होती.”

यांनी मान हलवली.

“मारणार होते ना, दादाले?”

“व्हय.”

“मंग?”

ते अंगणातल्या चिमण्यांकडे बघत होते. “मले बी ठाव नाई, गिरजे. म्या उघडली का आपोआप उघडल्या गेली, रोज इचार करतो. रिद्धपूरले वाटलं होतं का राग गेला. गेला नाई. तिथंच बसून होता.” मग थोडं हसून म्हणाले, “बरं झालं, तोच हात मोडला.”

त्या उत्तराने मी पहिल्यांदा त्यांच्या शेजारी सैल बसले. राग गेला म्हणाले असते तर माझा संशय वाढला असता. स्वतःवर पाळत ठेवणारा माणूस घरात आहे, तर मला चोवीस तास जागं राहायची गरज नाही, असं काहीसं वाटलं. आता म्हातारपणी मला वाटतं, न मारणं ही एकदा घेऊन ठेवायची वस्तू नसावी. पीठ रोज दळावं लागतं तसं ते आहे. आणि गावाचंही तसंच असेल. साऱ्या गावाची मूठ एकदम उघडत नाही. कुणाचं तरी हाड मोडतं, कुणाला तरी नवऱ्याचं नाव घ्यावं लागतं, आणि मग चार लोक काठ्या बगलेत मारून घरी जातात. मनातून विरघळले म्हणून जातात की लाजेने जातात, हे मी विचारत नाही. घरी जातात, पुष्कळ झालं.

पुढच्या का त्याच्या पुढच्या साली ती लढाई संपली. बाजारात बातमी आली तेव्हा लोकांची तोंडं सुतकी झाली. भाव असा कोसळला की ज्यांनी ज्वारीची रानं मोडून पराटी लावली होती, त्यांना धान्य विकत आणावं लागलं. सऱ्या गेल्या, शिंगांची वेढणी गेली. कुलपं तेवढी राहिली.

दोन्ही भाऊ वेगळे झाले. वाटणी झाली, शेताच्या मधे धुरा, म्हणजे हद्दीचा बांध, पडला. भांडण नाही, बोलणंही नाही. यांचा हात वाकडाच बसला. नांगराचं रुमणं त्यांना दाबून धरता येईना. पहिल्या वर्षी नांगरटीची वेळ आली आणि मी विचार करत होते की माणूस कुठून आणावा, तर एका सकाळी आमच्या शेतात भासरे आपली बैलजोडी घेऊन नांगर चालवत होते. न विचारता, न सांगता. हे धावत गेले, “दंडवत, दादा,” म्हणाले. भासऱ्यांनी बैलांना हाकललं.

माझ्या मनात आलं, हा माणूस धुरा सरकवणार. दरसाल नांगराची एक रेघ, एक तास, इकडे दाबला की पाच-दहा वर्षांत केवढं रान जाईल! यांना सांगितलं तर हसले. म्हणून मीच रोज धुऱ्यावर जाऊन उभी राहू लागले, पदर घेऊन, निंदण काढायचं निमित्त करून. भासऱ्यांना ते कळत होतं. ते मान वर करत नसत. पहिल्या वर्षी मला काही सापडलं नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. तिसऱ्या वर्षी एके दिवशी त्या दिवसापुरती नांगरट झाल्यावर मी एकटीच धुऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, आणि माझे पाय थांबले. धुरा सरकला होता. आमच्याकडे नाही, त्यांच्याकडे. त्यांच्या रानातला एक तास नांगरून आमच्यात आला होता. ओली काळी माती सरळ पडली होती, चुकून पडल्यासारखी नव्हती.

भासऱ्यांशी मी कधी बोलले नव्हते. धाकट्या भावाच्या बायकोने बोलायचं नसतं. त्या दिवशी पदर आणखी पुढे ओढून मी बोलले.

“मोठे भाऊजी, तास चुकला.”

ते बैल सोडत होते. सोडतच राहिले. “बैल वढतात तिकडं,” म्हणाले.

“बैलायनं धुरा वलांडला.”

“बैलाले धुरा समजत नाई,” एवढं बोलून त्यांनी जू खांद्यावर घेतलं आणि चालू लागले.

त्यांच्या मनात काय होतं, पश्चात्ताप की हिशेब की नुसता थकवा, मला अजून ठाऊक नाही. मी कुणाच्या मनाची हमी घेत नाही. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तशी मी पुन्हा धुऱ्यावर जाऊन उभी राहिले. फक्त त्या दिवशी फडक्यात भाकरी बांधून नेली होती. धुऱ्यावर ठेवली, आणि ते येऊन खायला बसले तेव्हा मी त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले.